नवरदेवाचा कान आणि अमेरिकेतली रांग

दापोडे, ता. भिवंडी
२१ नोव्हेंबर २००५

ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या तमाम बंधूंनो, आणि अमेरिकेचं तोंडही न पाहता त्या बंधूंच्या पाठीमागे त्याच रांगेत उभ्या केलेल्या माझ्या भगिनींनो,

आपली तक्रार एकच आहे. आपला नंबर कधी लागणार हे आपल्याला कोणी सांगत नाही, आणि ते आपल्याला विचारल्याशिवाय मात्र कोणी राहत नाही.

दादा, घाबरू नकोस, पत्र तुलाच आहे. पण नुसतं 'प्रिय दादा' लिहिलं असतं तर तू पहिली ओळ वाचून ते उशीखाली सारलं असतंस. आता नीट बसून वाचशील. जिल्हा वक्तृत्व स्पर्धेची ढाल मी उगाच आणली नव्हती.

तू म्हणशील, पत्र कशाला, फोन आहे की. आहे. दर रविवारी सकाळी तो वाजतो, बाबा स्पीकरचं बटण दाबतात आणि आई, आपली धाकटी करिष्मा, मी, शेजारचे पंढरीकाका आणि पंढरीकाकांकडे त्या दिवशी जो कोणी पाहुणा असेल तो, असे सगळे ओटीवर प्रवचनाला बसल्यासारखे बसतो. तू 'बरं आहे' म्हणतोस. आम्ही 'बरं आहे' म्हणतो. फोन ठेवल्यावर बाबा म्हणतात की पोराचा आवाज सुकलाय, आणि पाहुणा मान हलवतो. यात मी माझ्या लग्नाचा विषय कुठे काढू? ईमेल लिहायला अंजूरफाट्याच्या कॅफेत गेले, तर शेजारच्या खुर्चीत मी शिकवते त्या वर्गातल्या पोराचा बाप, आणि पत्र पाठवणार तेवढ्यात लाईट गेली. म्हणून पोस्टाचा आसरा. पोस्टाला लोडशेडिंग नाही.

तर मुद्दा. चैत्रात माझा साखरपुडा झाला. खारबावचा प्रितम, भिवंडीच्या हायस्कुलात गणित शिकवतो. तू त्याला फोटोतच पाहिलायस. दिवाळी झाली, तुळशीचंही लग्न लागलं. माझं नाही. कारण बाबांनी सगळ्या गावात जाहीर केलंय की भाविकला अमेरिकेत कायमचं राहण्याचं कार्ड मिळणार, मग तो येणार, आणि मगच विनिताचं लग्न. का? तर लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो. 'माझ्या बहिणीला नीट सांभाळ' म्हणून दम भरायचा, आणि नवरदेवाकडून कपडे उकळायचे. तू आमचा एकुलता भाऊ. चुलतभाऊ डझनभर आहेत, पण बाबा म्हणतात, "सख्खा भाव हाय तवर दुसऱ्याचे हातान कान देणार न्हाय." म्हणजे माझा संसार प्रितमच्या कानाला लटकलाय, आणि कान तुझ्या कार्डाला.

एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले. त्यांनी पत्रिका छापून घेतल्या. तारखेची जागा कोरी. परवा पहिली पत्रिका घेऊन एसटीने वज्रेश्वरीला गेले आणि देवीपुढे ठेवून आले. पुजाऱ्याने विचारलं, तारीख? बाबा म्हणाले, अमेरिकेतून यायची आहे. आता देवीला आमंत्रण गेलंय. ते परत घेता येत नाही, आणि देवीला तरी कळायला नको का, कधी निघायचं ते?

मला सरळ सांग. नंबर कधी लागेल?

तुझी,
विनिता


एडिसन, न्यू जर्सी
११ डिसेंबर २००५

प्रिय वक्तृत्वसम्राज्ञी,

सरळ सांगतो. सरळ सांगण्यासारखं काही नाही.

इथली रांग आपल्या रेशनच्या दुकानासारखी नसते. तिथे निदान पुढच्या माणसाची पाठ दिसते. इथे इमिग्रेशनचं खातं दर महिन्याला एक तारीख जाहीर करतं. त्या तारखेच्या आधी ज्यांनी अर्ज केला, त्यांनाच आत घेणार. माझा अर्ज दोन हजार तीनचा. तारीख हळूहळू पुढे सरकते, आपल्यापर्यंत येते, आपण सुटलो, असं मी समजत होतो. दिवाळीच्या आधी जाहीर झालेली तारीख काय होती माहीत आहे? एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. तारीख मागे गेली, विनू. अठ्ठ्याण्णव साली मी कॉलेजात होतो आणि तू माझ्या सायकलची चेन लपवून ठेवायचीस.

ऑफिसात आम्ही सात-आठ भारतीय आहोत. तारीख जाहीर व्हायच्या दिवशी सगळे कॉफीच्या मशीनभोवती उभे राहतो, घरात कोणी आजारी असल्यासारखे. एका तेलुगू मित्राने तर या भानगडीत सोफा घेतला नाही. कार्ड आल्यावर घेऊ म्हणाला. त्याची मुलगी जमिनीवर बसून वाढली आणि आता शाळेतल्या खुर्चीची तक्रार करते. मी हसतो त्याला. पण माझ्याकडेही एक गादी, एक कुकर आणि दोन ताटं. दुसरं ताट पाहुण्यासाठी. तो अजून आलेला नाही.

मध्येच चार दिवस येऊन कान पिळून जा, असं तू म्हणशील. पासपोर्टवरचा माझा व्हिसाचा शिक्का संपलाय. तिकडे आलो तर परत येण्यासाठी मुंबईत नव्याने मुलाखत द्यावी लागेल. आमच्यातला एकजण बापाच्या बाराव्याला गेला, मुलाखतीत 'चौकशी करून कळवू' सांगितलं, आणि कळवेपर्यंत त्याची नोकरी गेली. ती नोकरी गेली की रांगेतली जागाही गेली. म्हणून मी इथे पाय रोवून उभा आहे. हलायची भीती वाटते.

पण कान मीच पिळणार. मेपर्यंत काहीतरी नक्की होईल. प्रितमला सांग, कानाला रोज तेल लाव.

दादा


दापोडे
९ जानेवारी २००६

प्रिय दादा,

लोकांनी पावासाठी तुरुंग फोडलेत, मिठासाठी समुद्रापर्यंत पायी गेलेत. पण काळ मागे नेणाऱ्या सरकारविरुद्ध काय करायचं हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. आणि तू म्हणतोस पाय रोवून उभा आहे. अरे, जमीन मागे सरकतेय, पाय रोवून काय उपयोग?

तुझं तारखेचं प्रकरण मी बाबांना समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, कळलं, म्हणजे आधी जुनी माणसं निकालात काढतायत. चांगलंच आहे, आपल्या पोराला नवीन कार्ड मिळेल. दुसऱ्या दिवशी भाड्याने दिलेल्या आपल्या गोदामाच्या फाटकाशी खुर्ची टाकून ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याला सांगत होते की अमेरिकेने भाविकसाठी जुना सगळा माल बाजूला काढलाय.

प्रितमने मात्र गणित मांडलं. रविवारी मुद्दाम तिळाचे लाडू द्यायचं निमित्त काढून आला आणि आईसमोर वहीचा कागद पसरून त्याने आलेख काढला. तारीख ज्या गतीने सरकतेय ती पाहता आमचं लग्न त्याच्या निवृत्तीच्या आसपास बसतं. आई रडायला लागली. तो घाबरून म्हणाला, आई, गणितात चूक असू शकते. मी म्हटलं, तुझ्या गणितात चूक निघाली तर तुझ्या पोरांचं दहावीचं काय? असा हा माणूस आहे, दादा. थट्टा करतो, लाडू आणतो, एकदाही म्हणत नाही की कंटाळलो. मला त्याचीच धास्ती वाटते. न बोलणारी माणसं एक दिवस उठून निघून जातात.

त्याची आई, गोदूमावशी, ती उणीव भरून काढते. मागच्या आठवड्यात कशेळीला एका हळदीला भेटली. ढोलाच्या आवाजावर आवाज चढवून बाबांना म्हणाली, "बाळारामशेट, आमचे पोराचा लगीन पेन्शनीत लावताव का?" आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाबाही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

मी बाबांवर रोज भाषण झोडते. रूढी माणसासाठी असते, माणूस रूढीसाठी नसतो, वगैरे. ते ऐकतात आणि पान लावत बसतात. एवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही.

मे म्हणालास, मे धरून चालते.

विनिता


एडिसन
५ मार्च २००६

प्रिय विनू,

हे पत्र एकटीने वाच.

आमची कंपनी विकली गेली. नव्या मालकाने आमचा विभागच बंद केला. घाबरू नकोस, मला दुसरी नोकरी मिळाली, पगारही ठीक आहे. पण अर्ज जुन्या कंपनीने केलेला होता आणि मधल्या टप्प्यावर होता. तो कंपनीबरोबर संपला. नवी कंपनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करील. दोन हजार तीनची माझी जागा गेली. मी आता रांगेच्या शेवटी आहे, आणि रांग किती लांब आहे ते तुला माहीत आहे.

वकिलाने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानात दुधाच्या बाटल्यांसमोर उभा होतो. तिथेच बराच वेळ उभा राहिलो. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, तुला कुठलं दूध हवंय ते आठवत नाहीये का?

बाबांना सांगू नकोस. त्यांचं ब्लडप्रेशर, आणि फाट्यावर त्यांनी माझ्या नावाचा शुभेच्छांचा फलक लावलाय असं करिष्मा फोनवर बोलून गेली. तो कसा उतरवतील ते? तू बोलण्यात पटाईत आहेस. सांभाळून घे. मी काहीतरी मार्ग काढतो.

दादा


दापोडे
४ मे २००६

दादा,

सांभाळून घेतलं. आता ऐक कसं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तू फोनवर म्हणालास, या महिन्यात तारीख बरीच पुढे आली. खोटं नव्हतं. पण ती तुझी तारीख नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि तुला ठाऊक होतं. ओटीवरच्या बाकी कोणाला नाही. फोन ठेवताच बाबा चप्पल घालून निघाले आणि अक्षय्य तृतीयेचा मांडव ठरवून आले. अनंता मांडववाला, आचारी, बँजो, सगळं. मी म्हटलं, बाबा, थोडं थांबू या. आजवर लग्न लावा म्हणून भाषणं करणारी मुलगी थांबू या म्हणतेय, हे ऐकून आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मी काय करणार होते? खरं सांगायचं तर तुझा शब्द मोडतो. गप्प राहायचं तर दारात बांबू उभे राहतात. मी गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. रोज शाळेतून येताना मांडव वाढलेला दिसायचा. आधी खांब, मग ताडपत्री, मग गुलाबी-पांढऱ्या झालरी, मग 'बाळाराम परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहे'. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, बाबा, या वेळी जमेल असं वाटत नाही. पंढरीकाकांकडचा पाहुणासुद्धा खाली बघत बसला.

मांडव तसाच उभा. आणि त्याच मुहूर्तावर पंढरीकाकांच्या भारतीचं लग्न होतं. त्यांचं अंगण बोळकंडीएवढं. काका संध्याकाळी आले, बराच वेळ आंब्यांविषयी बोलले, आणि मग विचारलं. बाबांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, मांडव आहे, आचारी आहे, बुंदीसुद्धा सांगितलेली आहे. पोरगी पण आपलीच आहे.

तर दादा, माझ्यासाठी घातलेल्या मांडवात भारतीचं लग्न लागलं, आणि माझ्यासाठी सांगितलेली बुंदी मी पंगतीत वाढली. लोक मला बघून ताटातच बघायचे. एक आजोबा चुकून मलाच आहेराचं पाकीट देऊन गेले. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणींनी सूर लावला, अक्षता पडल्या, आणि मग भारतीचा भाऊ पुढे झाला. त्याने नवरदेवाचा कान असा पिळला की नवरदेव खुर्चीतून अर्धा उठला. सगळा मांडव हसला. मी बुंदीचं पातेलं घेऊन उभी होते. समोर पाहुण्यांत प्रितम बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्याच हाताने स्वतःचा कान हळूच पिळला. मला हसू आलं. मग पातेलं खाली ठेवून आत जावं लागलं.

जेवणं झाल्यावर गोदूमावशी आमच्या आईशेजारी येऊन बसली. या वेळी आवाज चढवला नाही. म्हणाली की पोराचे वडील आजारी असतात, धाकट्याचंही बघायचंय, आम्हीही माणसं आहोत. येत्या तुळशीच्या लग्नापाठोपाठ हे लग्न लागलं पाहिजे. नाहीतर साखरपुड्याची साडी परत पाठवू नका, ती विनिताला राहू द्या. पण आम्ही दुसरी पोरगी बघू.

भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती समजुतीने बोलली, म्हणून मी उठून उष्टी ताटं गोळा करायला लागले.

बाबा अजून एकच म्हणतात. भाविक आल्याशिवाय नाही. मला आता त्यांच्याशी बोलवत नाही. मी वाढलेलं ताट ते घेतात, मी निघून जाते. आपल्या बापाला मुलीपेक्षा एक कान मोठा वाटतो, हे सत्य घेऊन मी शाळेत मुलांना समतेचा धडा शिकवते.

विनिता


एडिसन
२८ मे २००६

विनू,

तुझं पत्र मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि त्या दिवशी वर गेलोच नाही.

मी ठरवलंय. सगळं सोडून येतो. फाईल गेली खड्ड्यात. नोव्हेंबरची तिकिटं बघून ठेवली आहेत. परत यायला मिळालं तर मिळालं. नाहीतर बाबांच्या गोदामांची भाडी गोळा करीन, फाटकाशी त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकीन. कान मीच पिळणार. पाच वर्षं मी इथे गादीवर झोपून कसली वाट बघितली हे माझं मला कळत नाही, पण तुझ्या लग्नात मी असणार एवढी एकच गोष्ट या सगळ्यात नक्की होती. ती पण गेली तर मी तुमचा कोण?

आणि एक. बाबांवर रागावू नकोस. हे तुला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय, पण आता ऐक. रविवारच्या फोनशिवाय बाबा मला अधूनमधून फाट्यावरच्या बूथवरून फोन करतात. डिसेंबरात केला, जानेवारीत त्या कशेळीच्या हळदीनंतर केला, मांडव उभा असताना केला. प्रत्येक वेळी एकच विचारलं, लग्न लावून टाकू का? मी प्रत्येक वेळी नको म्हटलं. मी आल्याशिवाय नको. मांडवाच्या वेळी तर मी फोनवर रडलो. तेव्हा ते म्हणाले, "ठीक हाय. पोरीला सांगतो का माझाच हट्ट हाय. तू जेव नीट."

म्हणून म्हणतो, मी येतोच.

दादा


दापोडे
२० जून २००६

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा फाटकाशी खुर्चीवर होते. ट्रकमधून कापडाच्या गाठी उतरत होत्या. मी तशीच पत्र हातात घेऊन गेले आणि म्हटलं, मला सगळं कळलंय. त्यांनी आधी हमालांना गाठी भिंतीपासून लांब रचायला सांगितलं, पावसाची ओल येते म्हणून. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो तिकरं एकला हाय गो. त्याला कवा वाटाला नको, का माझे बिगर घराचा काय अडत न्हाय."

वर्षभर मी या माणसावर रूढी, परंपरा आणि गुलामगिरी अशी तीन तोफांची फैर झाडत होते. ते पान लावत होते. दादा, जिल्हा वक्तृत्वाची ढाल मी करिष्माला देऊन टाकली. पण हरल्यावर गप्प बसणारी मी नव्हे. उलट आता मला खरा मुद्दा सापडलाय. तो ऐकून घे. हे माझं तुझ्यापुढचं शेवटचं भाषण. लग्नानंतर प्रितम ऐकेल, हेडमास्तरांची भाषणं ऐकायची त्याला पगारी सवय आहे.

तू सगळं सोडून येणार म्हणालास. येऊ नकोस. असा येऊ नकोस. फाईल जाळून, नोकरी टाकून, एका मिनिटाच्या कानपिळीसाठी तू आलास, तर दर भाऊबिजेला मी तुझ्यापुढे ओवाळायचं ताट धरीन आणि तुझ्या चेहऱ्यावर अमेरिका शोधीन. तू कधी बोलणार नाहीस. आपल्या घरातली माणसं बोलतच नाहीत, हे तर आता सिद्ध झालंय. तू बाबांसाठी फाईल लपवलीस. बाबांनी तुझ्यासाठी हट्ट अंगावर घेतला. मी तुझ्यासाठी मांडव उभा राहू दिला. प्रितम माझ्यासाठी थट्टा करत राहिला. सगळे एकमेकांना जपतोय आणि सगळे अडकून पडलोय. अमेरिकेच्या सरकारने एका माणसाला रांगेत उभं केलं होतं, दादा. बाकीच्यांना आपणच हाताला धरून आणून उभं केलं.

तुला यायचं असेल तर ये. हौसेने ये, कंटाळून ये, इथे राहायचं म्हणून ये. ताट मांडलेलं असेल. पण ते तुझं तू ठरव, माझ्या लग्नाच्या तारखेवर ते ओझं टाकू नकोस. आणि राहायचं असेल तर नीट राहा. सोफा घे. चार ताटं घे. त्या तेलुगू मित्राला बायकामुलीसकट जेवायला बोलाव. रांग म्हणजे घर नाही हे खरं, पण माणसाने रांगेत असताना जेवायचंच नाही असं कुठे लिहिलंय?

कानाची काळजी करू नकोस. कान करिष्मा पिळणार. मी आधी प्रितमला विचारलं. तो म्हणाला, तिची नखं बघितलीयस का, भाविकच बरा होता. मग गोदूमावशीला विचारलं. ती विचारात पडली, म्हणाली असं कधी झालं नाही, बायकाच हसतील. मी तोंड उघडणार एवढ्यात तिलाच हसू आलं. म्हणाली, मला पाच भाऊ होते, पाचांनी कान पिळून माझ्या नवऱ्यात काय फरक पडला? बाबांना मी विचारलेलं नाही. ते माझं काम नाही.

तू विचारलंस, तुझ्या लग्नात मी नसलो तर मी तुमचा कोण. याचं उत्तर सोपं आहे. ज्याच्या एका शब्दासाठी बापाने मुलीचा राग वर्षभर गिळला, तो कोण? तुझ्याशिवाय घर चाललं तर तू त्यातून वजा होत नाहीस. घर चालत असतं म्हणून तर परत यायला जागा राहते. थांबलेल्या घरात कोणी परत येत नाही. तिथे फक्त कोरी पत्रिका असते.

बाबा लग्न लावणार नाहीत, मी कितीही बोलले तरी. त्यांनी शब्द मला दिलेला नाही, तुला दिलाय. तो तूच सोडवू शकतोस. वकील नाही, खातं नाही, तारीख नाही, देवी नाही. तू.

रविवारपर्यंत थांबू नकोस. फोन करायला चांगला दिवस बघू नकोस. तिकडे रात्र असेल तर इथे सकाळ असेल, बाबा उठलेले असतात. हे पत्र खाली ठेव, फोन उचल, आणि त्यांना स्वतःच्या तोंडाने सांग: बाबा, माझी फाईल पहिल्यापासून सुरू झाली आहे, माझी वाट बघू नका, विनिताचं लग्न लावा.

विनिता